बागेतले दोनशे चौदा ठिपके

बागेत दोनशे चौदा, चौकात साठ आणि कचरा डेपोत फक्त पाच. तपासनिसाने ठिपके तीनदा मोजले, तिन्ही वेळा आकडे तेच आले, तेव्हा त्याची छाती दोन इंच फुगली. शहराच्या हवेतले जिवाणू मोजायचे हे त्याचं काम. जेली भरलेली चपटी डबी पंधरा मिनिटं उघडी ठेवायची, झाकायची आणि दोन दिवस उबेला ठेवायची. हवेतून पडलेले जिवाणू ठिपके होऊन उगवतात. प्रयोगशाळेच्या मॅडम लवकरच विभागप्रमुख निवडणार होत्या. हा अहवाल गाजला की ती खुर्ची आपलीच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. शंका हा प्रकारच मुळी त्याच्या गावी नव्हता.

"अहो, पण कचऱ्यापेक्षा बाग घाण कशी असेल?" मॅडमनी विचारलं.

"तिथेच तर सगळे फसतात, मॅडम! जिवाणू पानांवर बसतात, वारा आला की खाली. डेपोत झाडच नाही, पडणार कुठून?"

तो इतका ठासून बोलला की मॅडमनी सही करून टाकली. दुसऱ्याच दिवशी बागेला कुलूप लागलं. सकाळी फिरणाऱ्यांनी शुद्ध हवेसाठी डेपोच्या रस्त्याने जावं, अशी पाटीही फाटकावर आली. ती सूचना अर्थात त्याचीच.

चौथ्या दिवशी त्याचे सासरे फिरायच्या मंडळातल्या पाच म्हाताऱ्यांना घेऊन प्रयोगशाळेत थडकले. सहाही नाकांवर रुमाल होते.

"जावईबापू, तुमच्या शब्दाखातर तीन दिवस डेपोला चकरा मारल्या. आता घरचे आम्हाला दारात उभं करत नाहीत!"

"बाबा, होईल सवय. आकडे कधी खोटं बोलत नाहीत."

"आकड्यांचं राहू द्या." सासरे मॅडमकडे वळले. "हे बागेत आले, तेव्हा आम्ही तिथेच होतो. डबी उघडली आणि तिच्यावर वाकून पंधरा मिनिटं आम्हाला जिवाणू समजावून सांगितले. पुढे कुणी उभं राहायचं यावरून आमच्यात भांडण झालं. मला दोनदा चष्म्यावर उडालेली थुंकी पुसावी लागली!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आणि डेपोत काय केलंत?"

"तिथे वास फार, मॅडम. डबी ठेवली आणि नाक धरून लांब पळालो."

"चौकात?"

"हवालदाराशी जरा बोललो. पण त्याला ऐकायला वेळ नव्हता."

मॅडमनी दोन डब्या मागवल्या. एक लांब कोपऱ्यात उघडली, दुसरी त्याच्या पुढ्यात. "तुमचा तो झाडांचा सिद्धांत मला पुन्हा नीट सांगा बघू." एवढ्या आपुलकीने त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो मन लावून बोलला. दोन दिवसांनी कोपऱ्यातल्या डबीत सहा ठिपके निघाले. दुसरीतले मोजायचा नाद मॅडमनी तिसऱ्या शतकानंतर सोडून दिला.

बाग उघडली. तपासनीस मॅडमसमोर मान खाली घालून उभा राहिला. खुर्ची गेली, बहुधा नोकरीही, आणि त्याला खरोखर रडू येत होतं.

"तुमच्याइतकं नेमकं मोजणारं इथे दुसरं कुणी नाही," मॅडम म्हणाल्या, "पण तुम्ही जाल तिथली हवा बिघडते. बाहेर पाठवायची सोय नाही. तेव्हा विभागप्रमुख तुम्हीच. स्वतंत्र खोली मिळेल. दार बंद ठेवायचं आणि कागदच तपासायचे."

त्याने बाहेर येऊन आधी सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, म्हटलं नव्हतं मी? अहवाल गाजला!"