रजेचा अर्ज पोचला, पण कुठे!

कंपनीत नवीन पोर्टल आलं तेव्हा न घाबरलेले आम्ही दोघंच. एक ते बनवणारा आणि दुसरा मी! पत्ता, रजा, पगाराची स्लिप, सगळं आता ज्याचं त्याने भरायचं होतं. अख्खा हिशेब विभाग माउसला हात लावायला बिचकत होता. मी मात्र चहा निवायच्या आत माझी माहिती भरून मोकळा झालो. वर सगळ्यांना सांगितलं की त्यात वाचण्यासारखं काही नाही, अंदाजाने सुचत जातं.

आता खरी गोष्ट. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. हिला तिच्या लहानपणीच्या गावी न्यायचं, आणि तेही गुपचूप, असा माझा बेत. तिकिटं काढून झाली. राहिली फक्त रजा. पोर्टल कारण लिहिल्याशिवाय अर्ज घेईना. साहेब माणूस भला, म्हणून मी मोकळेपणाने लिहिलं, 'दोघांची सहल. बायकोला अजिबात कळता कामा नये.'

जेवणाच्या सुट्टीतच उत्तर आलं. नामंजूर! खाली शेरा, 'लाज वाटत नाही?'

माझं डोकंच फिरलं. तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि विचारलं की सहलीला जाण्यात लाज कसली. साहेब माझ्याकडे बघतच राहिले.

"मला तुमचा अर्ज आलेलाच नाही," ते म्हणाले. "तुम्हाला चक्कर आली तर धावत यायचं, असं मात्र पोर्टलने कळवलंय."

मनुष्यबळ विभागातल्या मुलीला बोलावलं. तिने माझं पान उघडलं आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. एकाखाली एक दोन रकाने होते. तातडीचा संपर्क म्हणून मी साहेबांना टाकलं होतं आणि रजा मंजूर करणारे वरिष्ठ म्हणून हिला.

"काका, अर्ज काकूंना गेलाय," ती हळूच म्हणाली.

घरी पोचलो तर ही खुर्चीत ताठ बसलेली. डोळे रडून लाल. पंचवीस वर्षांत मी हिला इतकं कधी दुखावलं नव्हतं.

"कोण आहे ती?" तिने विचारलं.

मी तिकिटं पुढे केली. तिने नाव वाचलं, स्वतःचंच. मग गावाचं नाव वाचलं. बराच वेळ ती पदराने डोळे पुसत होती.

"अहो, सरळ सांगायचं की," ती म्हणाली आणि फोन उचलून रजा मंजूर केली. सहल झकास झाली.

परत आल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर तो रकाना दुरुस्त करायला घेतला. पण वरिष्ठ बदलायला आधीच्या वरिष्ठांची मंजुरी लागते म्हणे. अर्ज केलाय. रोज रात्री जेवताना विचारतो. ही भात वाढत म्हणते, "बघू. विचार चालू आहे."