डावं पेडल

रविवारी सकाळी चहा संपायच्या आत आईने निकाल दिला: सायकलची पेडलं काढायची. दोन्ही.

"अगं, फार तर हवा सोड," बाबा म्हणाले.

"सोडली होती. तुम्ही भरलीत. कुलूप लावलं, तर पिठाच्या डब्यातून किल्ली शोधून काढलीत. परवा रस्त्यात आडवे झालात आणि वर त्या कचरापेटीलाच दोष! पंच्याहत्तरीला आलात. पाय जमिनीवर ठेवा आता."

पहाटेची सायकलवरची चक्कर सोडली, तर बाबांनी स्वतःसाठी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. तरी त्या दिवशी ते वाद न घालता उठले, पाना आणला, आणि दोन मिनिटांत उजवं पेडल काढून आईच्या हातात ठेवलं.

"झालं? आता एका पेडलावर सायकल कोण चालवणार?"

"तुम्ही," आई म्हणाली. "डावं काढा."

डाव्याला दादा बसला. धाकटीने सायकल धरली. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि सूचना देऊ लागले. "घड्याळाच्या उलट फिरव. जगातला कुठलाही नट तसाच सुटतो."

धाकटीने मान वर केली. ती अकरा वर्षांची असताना बाबांनीच तिला शिकवलं होतं, की सायकलच्या डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. बाकी सगळं ज्या बाजूला सुटतं, त्या बाजूला ते आवळतं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा चष्मा पुसत होते, अतिशय मन लावून. ती गप्प राहिली.

दादाने जोर लावला. पेडल ढिम्म. तेल घातलं, वर उकळतं पाणी ओतलं. फरशीवर तळं साचलं, पेडल कोरडं होऊन तिथेच. मग खालच्या मजल्यावरचा प्लंबर हातभर लोखंडी पाइप घेऊन आला आणि तो त्याने पान्याच्या दांड्यावर चढवला.

"काका, हे सुटतंय की आवळतंय?"

"सुटण्याआधी जरा आवळतंच," बाबा म्हणाले. "का, तुमच्या कामात नाही होत तसं?"

कामातलं आपल्याला काही ठाऊक नाही, हे प्लंबरने आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. "होतं की! नेहमी होतं," असं म्हणून त्याने बाह्या सारल्या.

सायकल सरकू लागली, म्हणून ती जेवणाच्या टेबलाला बांधली. टेबल सरकू लागलं, म्हणून त्यावर वहिनीला बसवलं. वहिनीचं वजन पुरेना, म्हणून तिच्या मांडीवर शिलाई मशीन दिलं.

"कपाट पण द्या ना," वहिनी म्हणाली.

"बोलू नकोस. बोललीस की टेबल हलतं," दादा म्हणाला आणि पाइपला लोंबकळला. प्लंबर दादाला लोंबकळला. त्याबरोबर सायकल, टेबल, वहिनी आणि मशीन असं सगळं मिळून घसरत गेलं आणि स्वयंपाकघराच्या दारात घट्ट रुतलं. आई आत होती.

"अरे, मला बाहेर काढा!"

"आधी काय काढायचं?" प्लंबरने विचारलं. "पेडल की काकू?"

दादाला क्षणभर विचार करावा लागला.

शेवटी टेबलाचे पाय काढायचं ठरलं. ते मात्र घड्याळाच्या उलट फिरवताच सुटले. "बघितलंत?" बाबा म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

दुपारी दोन वाजता पाय काढलेलं टेबल ओलांडून बाहेर येत आईने शरणागती पत्करली. "मरू दे ते पेडल! उद्या दुकानात न्या." बाबांनी लगेच उजवं पेडल जागेवर बसवून टाकलं. एकच पेडल बरं दिसत नाही, म्हणाले.

सोमवारी पहाटे ते चक्कर मारून आले, सायकल भिंतीला टेकवली, बूट काढायला खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, अंथरुणात असते तरी हेच झालं असतं. आईने ते दोनदा म्हणायला लावलं.

तीन आठवड्यांनी दादा आणि वहिनी सायकल आपल्या घरी न्यायला आले. पेडलांसकट ती गाडीत मावेना. उजवं निघालं. डाव्यासाठी प्लंबर पाइप घेऊन वर आला, वहिनी न सांगता टेबलावर चढली, धाकटीने सायकल धरली. दादा घड्याळाच्या उलट जोर लावू लागला. पाइपला बाक आला.

"त्या दिवशी हे निघालं असतं," आई म्हणाली, "तर सोमवारी ते..."

"दादा," धाकटी म्हणाली, "दुसऱ्या बाजूला फिरव. याचे आटे उलटे असतात."

दादाने फिरवलं. पेडल एकदा करकरलं आणि सुटलं. प्लंबर खिडकीबाहेर बघू लागला.

"तुला माहीत होतं?" दादा म्हणाला. "मी वटवाघळासारखा लटकलो होतो, तेव्हाही?"

"तेव्हाही. बाबांनाही माहीत होतं."

आईने तिच्याकडे पाहिलं. "आणि तू गप्प बसलीस?"

घरात कुणाचंही भांडण असो, धाकटी गप्पच बसायची. तिचं मत कुणी विचारत नसे आणि तीही सांगत नसे. तिने सायकल सोडली.

"आई, मी बाबांच्या बाजूची होते," ती म्हणाली. "पहिल्यापासून. त्यांनाही कधी सांगितलं नाही."