हळदीतली खसरखसर

शिवशंकर ओसरीवर मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. मनात शांती वगैरे काही नव्हती. आईनं बसवलं होतं.

मागं बसस्टँडवर सीटवरून त्यानं केलेलं भांडण कुणीतरी मोबाइलवर घेतलं आणि जमत आलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून त्याची आई शालूबाई गावभर सांगत सुटली होती, "पोरगं लई बदललं. रोज ध्यान करतंय. मुंगीला बी बोलत न्हाई." ते ऐकूनच हट्टा गावचे तातेराव आज घर पाहायला येणार होते. त्यांची मुलगी राजनंदिनी शिवशंकरच्या मनात भरली होती.

"मी म्हणल्याबिगर डोळे उघडू नको," आईनं बजावलं होतं.

तातेराव आले आणि पायरीशीच थबकले. "असू द्या, उठवू नका त्याला. मी आत बसतो."

आतून पोह्यांच्या बशीत चमचा वाजत होता. शिवशंकर नाकानं श्वास घेत होता, सोडत होता. मोबाइलवर बघून तो एवढंच शिकला होता.

थोड्या वेळानं अंगणात खसरखसर सुरू झाली.

अंगणात शिजवलेली हळद ताडपत्रीवर वाळत घातली होती, आणि शेजारच्या अमिनाबीचा बोकड रोज तिच्यात नाचून जायचा. शिवशंकरनं श्वास लांब केला. खसरखसर वाढली. त्यानं अजून लांब केला. मग डोळे मिटूनच पायरीवरची चप्पल चाचपली आणि आवाजाच्या दिशेनं हाणली.

"कुठं बी चरून येतोस, पोट बघ केवढं सुटलंय, अन् नाचायला आमचंच अंगण काहून लागतं रं तुला? थांब, तुझा रस्साच करतो!"

भिंतीपलीकडून अमिनाबी म्हणाली, "कायकू चिल्लारा रे शिवा? बोकड तो इधर बांधेला है."

शिवशंकरनं डोळे उघडले.

हळदीत तातेराव उभे होते. पँट दुमडलेली, पाय उघडे, टोपी चपलेच्या फटक्यानं खाली पडलेली. हळद पिकवणाऱ्या माणसाला वाळती हळद दिसली, की ती पायानं वरखाली केल्याशिवाय राहवत नाही, मग अंगण कुणाचं का असेना.

शिवशंकरचे कान तापले. माफी मागायला तोंड उघडलं, तर नुसता श्वासच बाहेर आला. दारात चहा घेऊन आलेली शालूबाई कपातच बघत राहिली.

तातेरावांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी डोळे मिटले. नाकानं लांब श्वास घेतला, सोडला. परत घेतला.

"बघ," शालूबाई पुटपुटली, "ह्याला म्हणतात ध्यान."

शिवशंकरची मान आणखी खाली गेली.

तातेरावांनी डोळे उघडले, चप्पल उचलली आणि नेम धरून परत फेकली. शिवशंकरच्या गुडघ्यावर बसली.

"माज्या बायकोनं बी मला ह्येच करायला लावलंय," ते टोपी झटकत म्हणाले. "जमतच न्हाई. बरं, हळद खालून ओलीच हाय अजून. जावई व्हायचं असंल तर ये, पाय लाव."

शिवशंकर खाली मान घालून हळदीत उतरला. आज पहिल्यांदाच त्याला मनापासून डोळे मिटून बसावंसं वाटत होतं.