रव्याची काडतुसं

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून यावं, पोटभर जेवावं, एसी लावून मस्त ताणून द्यावी. जुबैलमध्ये आठवडाभर प्लांटवर घासल्यावर माणसाला अजून काय हवं असतं? पण नेमकं त्याच वेळी माझे रूमपार्टनर सर्जेराव पाटील उठतात आणि एसी बंद करतात. ऐन ऑगस्टात!

"वारं लागलं की पारडं हलतंय, इक्बाल. घाम पूस आन् गप बस."

पारडं सोनाराच्या ताजव्याचं. एकीकडे इवलीशी वजनं, दुसरीकडे रवा. हो हो, उपम्याचा रवा! चिमटीतून दाणा दाणा सोडायचा, काटा मधोमध आला की तो रवा पेनाच्या टोपणात ओतायचा आणि टोपण रांगेत उभं करायचं. टोपणं संपली की सगळा रवा कढईत. त्याचा शिरा मीच खातो, त्यामुळे फार बोलता येत नाही.

सर्जेराव कोल्हापूरकडचे. घरात रायफलचा परवाना जुना, आणि झाडलेल्या काडतुसात दारू मोजून पुन्हा भरायची ती घरीच, हातानं. "ग्रेन चुकला, नेम हुकला," हे त्यांचं ब्रीदवाक्य. ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. कंपनीच्या बसमध्ये ते तावातावानं "दारू कशी मोजावी" सांगू लागले की मी त्यांची बाही ओढतो. "अहो, सौदीत आहोत आपण! बंदुकीची म्हणा तरी! नको, तेही म्हणू नका!"

चहाची पूडसुद्धा ते चमच्यात घेऊन वरून इकाम्याचं, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचं, कार्ड फिरवून सपाट करतात. एकदा नाक्यावरच्या पोलिसानं त्या कार्डाचा वास घेतला आणि आम्हा दोघांकडे असं काही पाहिलं की मी मनातल्या मनात घरच्यांचा निरोपच घेतला.

आता रव्याचं. साखरेच्या डब्याला टेकून त्यांचा मोबाइल उभा असतो, व्हिडिओ कॉल चालू. पलीकडे कोल्हापुरात त्यांची लेक गौरी. पोरगी रायफलच्या स्पर्धांत उतरते. परवाना आजोबांचा, म्हणजे सर्जेरावांच्या आबांचा, ते समोर बसणार, ही खरी दारू तोलणार. इकडे बाप रवा तोलणार. तिनं एक, यांनी एक.

एरवी बापलेकीचा फोन म्हणजे "जेवलीस?" "हो." "बरी हाईस?" "हो." खलास! पण हात तोलण्यात गुंतले की गौरीची गाडी सुटते. कॉलेज, आईचा गुडघा, कुठल्या मैत्रिणीशी बिनसलं, सगळं. आणि सर्जेराव दाण्यावरची नजर न काढता "मग? पुढं?" करत राहतात.

गेल्या महिन्यात राज्य स्पर्धा झाली. शिफ्ट संपवून आम्ही बसमध्ये चढलो, सर्जेरावांनी मोबाइल उघडला आणि जी आरोळी ठोकली! ड्रायव्हरनं कचकन ब्रेकच मारला. "रौप्यपदक! माझी गौरी! ग्रेन चुकला न्हाय!" नेपाळ्याला मिठी, केरळवाल्याला मिठी, मला तर उचललंच. अख्ख्या मजल्याला शिरा वाटला, आणि साखर पहिल्यांदाच न मोजता घातली. अल्लाशपथ, माझेही डोळे भरून आले होते.

म्हटलं, चला, आता तरी एसी मिळेल. कसलं काय! पुढच्या शुक्रवारी ताजवा पुन्हा मांडलेला. "पुढची स्पर्धा हाय की."

मी चरफडत बसलो. तेवढ्यात तिकडे दार वाजलं म्हणून गौरी उठली, तिचा मोबाइल घसरला आणि टेबलाची दुसरी बाजू दिसू लागली. तिथे दारू तोलणारं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र होतं. शेजारी भरलेल्या काडतुसांची पेटी, अगदी गच्च. मी उडालोच.

"पाटील! अहो, तिचं सगळं भरून झालंय! यंत्र आणलंय तिनं!"

"हळू बोल. ठाव हाय मला." सर्जेराव पारड्याकडेच बघत होते. "आबांचं हात थरथरतात आता. दिवाळीतच घेतलं. आबांनी सांगितलं मला."

"म्हणजे पदक...?"

"त्याच काडतुसांचं."

"मग ती हे कशाला करते?"

"मला वाईट वाटंल म्हणून. यंत्राचं अवाक्षर काढत न्हाय पोरगी. तीच ती चिमूटभर दारू, दर शुक्रवारी माझ्यासाठी तोलून परत डब्यात ओतती." त्यांनी डोळे पुसले, घामाच्या निमित्तानं. "मला ठाव हाय हे तिला कळता कामा नये, इक्बाल. कळलं तर शुक्रवारचं काय करू मी?"

गौरी परत आली, मोबाइल पुन्हा उभा राहिला. "पप्पा, माझा एक दाणा जास्त झालाय बहुतेक. थांबाल ना?"

"थांबतो की. सावकाश काढ बाळा, घाई न्हाय."

खोली भट्टीसारखी तापली होती. मी एसीचा रिमोट उचलला आणि कपाटात टाकला. मग घाम पुसला आणि गप बसलो.