हेस्टरबाईंच्या केकाची स्वारी, अर्थात कुंपणखिंडीची लढाई

नेदर मॉसबी गावच्या शाळेतील चिरंजीव लेकरांनी पुसिले की, शेजारच्या गावी शेत नांगरता बंदुकीच्या जुन्या गोळ्या निघतात, मग आपल्या गावी लढाई म्हणून कधी जाहलीच नाही काय? ऐसियास, जाहली आहे. घनघोर जाहली. उभय सेनापती अद्याप हयात असून रविवारी चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात. सबब हकीकत जैसी घडली तैसी लिहितो, लेकरांनी चुळबुळ न करिता ऐकावी.

ऑगस्टमासी गावच्या सभागृहात केकांचा दरबार भरत असे. दस्तूर ऐसा की, स्पंज केकाच्या दोन थरांमध्ये रासबेरीचा मुरंबाच असावा, क्रीमचा ठिपका दिसल्यास केक हद्दपार व्हावा, आणि बाराचा ठोका पडताच द्वारपाल कथबर्ट लग यांनी दार लावावे, मग प्रत्यक्ष राजा आला तरी उघडू नये. चांदीचा पेला मुरिएल स्टोबार्टबाईंच्या फडताळात इतकी वर्षे ठाण मांडून होता की, बाईंनी त्याजसाठी मखमलीची गादी शिवली होती. हेस्टर पिमबाई दरसाल दुसऱ्या येत. यंदा मात्र कोंबड्यांनी इमान राखले आणि भट्टीने साथ दिली आणि केक असा फुगला की, तैसा जन्मात फुगला नव्हता. वय जाहले, पुढील साली ऐसा साधेल याचा भरवसा नाही, हे जाणून बाईंनी केकाचा डबा शेजारच्या आसनास पट्ट्याने बांधिला आणि जुन्या हिरव्या मोटारीतून कूच केले.

गावात शिरणारी वाट म्हणजे खिंडच. दुतर्फा पुरुषभर उंच झुडपांची कुंपणे, मध्ये एका गाडीपुरती जागा, आणि दोन्ही टोकांस वळणाआड बाजूला होण्यापुरती बगल. ऐन मध्यावर समोरून मुरिएलबाईंची गाडी आली. त्या आपला केक दरबारी रुजू करून घरी परतत होत्या.

आता त्या मुलखाची रीत ऐशी की, समोरासमोर गाठ पडता जो आधी पुढे जाईल तो रानटी. तेव्हा दोघींनी एकमेकींस हात केला आणि दोघींनी एकाच वेळी माघार घेतली आणि दोघी आपापल्या वळणाआड वाट पाहत राहिल्या. उभय फौजा सौजन्याने पळाल्या, रणांगण ओस पडले. मग दोघींस वाटले, ती काही येत नाही. म्हणून दोघी निघाल्या आणि पुन्हा मध्यावर भिडल्या. पुन्हा माघार, पुन्हा भेट. मग काचा खाली जाहल्या.

"हवा बरी आहे नाही आज?" मुरिएलबाई म्हणाल्या.

"हो ना. पण टिकायची नाही."

"तू ये गं आधी. मला कसली घाई? माझा केक केव्हाच टेबलावर बसला."

"मग येते हं."

"ये ना! थांब, मी मागे घेते." ऐसे बोलून मुरिएलबाई हातभर मागे सरल्या आणि लगोलग पुढे आल्या. "अय्या, तू थांबलीस वाटतं! मला वाटलं, तूच मागे जातेयस!"

तेव्हा हेस्टरबाईंच्या मस्तकी प्रकाश पडला की, हे सौजन्य नव्हे, हा गनिमी कावा! इतक्यात चर्चची घंटा पावणेबाराची वाजली. त्या गावी वाटेत गाय बसली तरी तिजला विनंती करितात, परंतु भोंगा वाजवीत नाहीत. हेस्टरबाईंनी दात आवळिले आणि भोंगा दाबिला. तोफ डागावी तैसा आवाज जाहला. कावळे उडाले, पाद्रीबाबांचा चहा बशीत सांडला, आणि मुरिएलबाई दचकून ज्या मागे उधळल्या त्या थेट टोकाच्या बगलेत शिरल्या, मागचे चाक खंदकात गेले. खिंड मोकळी जाहली!

हेस्टरबाई सुसाट जात्या; परंतु शेजारीण खाचेत टाकून जाणे हे भोंग्याहून वाईट. त्यांनी गाडी थांबविली.

"लागलं का गं? चल, बस."

"आणि हा डबा?"

"मांडीवर घे. सरळ धर, बाई, तिरका नको!"

मुरिएलबाई वैरीण खऱ्या, तरी केकाशी बेइमानी त्यांच्या रक्तात नव्हती. प्रत्येक खड्ड्यास त्यांनी डबा अलगद उचलून धरिला. आणि त्यांस मांडीवरचे वजन जाणविले. इतकेच म्हणाल्या, "हलका झालाय गं."

सभागृहापाशी बाराचे ठोके सुरू जाहले होते आणि द्वारपाल दार लोटीत होते. मुरिएलबाईंनी डब्यानिशी धावून फटीत पाय रोविला.

"मुरिएलबाई, तुमचा तर आलाय ना?"

"माझा नाही, हिचा आहे. पाय काढणार नाही मी, कथबर्ट! घ्या आत!"

येणेप्रमाणे केक दरबारी रुजू होऊन पेला हेस्टर पिमबाईंनी जिंकिला. दुसरे दिवशी त्यांनी घरोघर फिरून भोंग्याबद्दल माफी मागितली. ती गावाने हसून दिली, भोंगा मात्र गाव अद्याप विसरले नाही. परत येऊन पाहतात तो दाराशी मखमलीची गादी ठेविलेली, वर चिठ्ठी नाही, चपाटी नाही, काही नाही. फत्ते जाहली ती केकाची. शरण आली ती गादी. लेकरांनी ध्यानी धरावे. लेखनसीमा.