टॉवर मोकळा ठेवा

मोबाईलच्या लहरी वाटण्यात माझा हात धरणारा माणूस नाशिक जिल्ह्यात नाही! टॉवर एक, गिऱ्हाइकं हजार. आधी कोणाला आणि किती द्यायचं, हे मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या ऑफिसात बसून ठरवतो. पंगतीतला वाढपीच म्हणा ना! फक्त माझ्या पंगतीत जो तो 'मलाच वाढलं नाही' म्हणून ओरडत असतो.

त्यामुळे येवल्याहून माझ्या थोरल्या बहिणीचा, आबिदाआपाचा फोन आला, तेव्हा मी कॉलर ताठ केली. आपाच्या लेकीने, अरफाने पहिल्यांदाच स्वतःच्या नक्षीची पैठणी विणली होती. पदरावर मोर नाहीत, द्राक्षांचे घड! पुण्यात साड्यांचं दुकान असलेल्या तेजलताई ती व्हिडिओ कॉलवर बघणार होत्या. पसंत पडली, तर तिचे अब्बा, आमचे नियाज दूल्हेभाई, लेकीला स्वतःचा माग घालून देणार होते. पण गल्लीजवळचे टॉवर दोन, त्यातला एक दुरुस्तीला बंद. सगळा भार दुसऱ्यावर! कॉल लागला की चित्र गोठायचं.

"मामू, होईल ना काही?" अरफाने विचारलं.

"अगं, मामू कशाला आहे? गल्लीने तासभर नेट बंद ठेवलं की टॉवर तुझा एकटीचा!"

येवल्यात पोचताच मी गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव, 'टॉवर मोकळा ठेवा'. कॉलच्या वेळी लिहिलं, "अरफासाठी सगळ्यांनी नेट बंद करा. केल्याचं इथे कळवा."

माझी अक्कल त्या वेळी कुठे चरायला गेली होती, देव जाणे!

गल्ली भारी प्रेमळ. गेणूभाऊंनी लगेच कळवलं, "बंद केलं." शेजारच्या चतुराबाईंना नुसतं लिहून समाधान नव्हतं. त्यांनी "करते हां बंद!" म्हणत स्वतःचा व्हिडिओ काढला, नेट बंद केलं आणि व्हिडिओ पाठवायला परत चालू केलं! मग काय, घरोघरचे व्हिडिओ सुरू झाले. काही तर नातवंडांसकट! पाठवलेला पोचला का, हे बघायला पुन्हा नेट चालू. आणि मी एकेकाला आभाराचे हात जोडत बसलेलो.

आत अरफाच्या फोनवर तेजलताई अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी गोठल्या होत्या.

"मामू, आधी निदान आवाज तरी यायचा!" अरफा रडवेली झाली. पोरीचा माग माझ्यामुळे जाणार!

मी बाहेर धावलो. "अहो चतुराबाई, व्हिडिओ नका पाठवू!"

"मंग बंद केलं ते तुमाला कळंल कसं?"

"नका कळवू!"

"आता गं बया! तुमीच तर लिवलं!"

शेवटी मी आपाची रेशमाच्या रिळांची टोपली रिकामी करून अंगणात ठेवली. "फोन बंद करा, यात टाका आणि इथेच बसा!" सगळी गल्ली फोन टाकून दारात दाटीवाटीने बसली.

आणि काय सांगू! तेजलताईंनी डोळे उघडले! अरफाने पदर पसरला. त्या पुढे वाकून बघत राहिल्या.

"हे घड तुझ्या मनातले? अशा पैठण्या मला अजून चार रंगांत हव्यात!"

गल्लीने टाळ्या पिटल्या, आपाने डोळे पुसले, दूल्हेभाई नव्या मागासाठी जागा बघायला उठलेसुद्धा. मलाही भरून आलं.

मग मी ऐटीत ग्रुपवर लिहिलं, "काम फत्ते! माझ्या नियोजनामुळे टॉवर मोकळा राहिला. आता नेट चालू करा!"

कोणाचंच उत्तर नाही. साधा अंगठासुद्धा नाही!

अरफा हळूच कानाशी आली. "मामू, वाचणार कोण? सगळे फोन टोपलीत आहेत."

मग माझ्या हातातल्या फोनकडे बघत म्हणाली, "एक सोडून."