समजाभाऊ नदीत उतरले

नारायणराव खोडे यांची दाढी करायला हिंगणघाटातला एकही न्हावी तयार नसे. दाढी राठ होती म्हणून नव्हे. खुर्चीत बसल्यावर, गालांना साबण लागल्यावर आणि वस्तरा गळ्याशी आल्यावर नारायणराव डोळे मिटून अगदी शांतपणे म्हणत, "देव न करो, पन समजा, आत्ता बाहेर एखादा टायर फुटला…"

पुढचं ते बोलत नसत. न्हावी वस्तरा खाली ठेवून देई. एका न्हाव्यानं तर अर्धी दाढी तशीच सोडून त्यांना हात जोडले होते.

नारायणराव विम्याचे एजंट होते. साऱ्या गावात त्यांना समजाभाऊ म्हणत. मी शाळेत नवीन मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा तोंडावर मी त्यांना काका म्हणायचो आणि माघारी समजाभाऊ. पहिल्याच दिवशी मी सामान लावत होतो. ते दारात येऊन उभे राहिले, वर पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, खाट पंख्याखाली नका टाकू. देव न करो, पन समजा…" पंखा नुसता टांगलेला होता, तो कधी फिरलाच नाही. तरी त्या खोलीत होतो तोवर मी कोपऱ्यातच झोपलो.

गावच्या वणा नदीच्या पुलावर ते सायकलवरून उतरत आणि सायकल हातात धरून चालत. कठड्याला लागून चालावं तर कठडा तुटायची भीती, मधून चालावं तर ट्रकची. त्यामुळे पूल ओलांडायला त्यांना बराच वेळ लागे. घरात त्यांच्या बायकोनं, विमलकाकूंनी, स्टोला पंप मारायला घेतला, की हे वाळूची बादली घेऊन शेजारी बसत. चहा होईपर्यंत बादली सोडत नसत. एका लग्नात नवरदेव घोड्यावर चढत असताना समजाभाऊ त्याच्या कानाला लागले. काय बोलले कोण जाणे, पण नवरदेव मांडवापर्यंत पायी आला.

अशा माणसाला लोक टाळणारच. खांद्याला पिशवी लावून ते गल्लीत शिरले, की दारं भराभर लागत. एकदा तर "घरी कोनी नाई" असं खुद्द घरमालकानंच त्यांना आतून ओरडून सांगितलं होतं. समजाभाऊंनी "मंग उद्या येतो" म्हणून मान हलवली आणि पुढचं घर गाठलं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका हिवाळ्यातली गोष्ट. कापसाचा हंगाम होता. समजाभाऊ एका जिनिंगच्या शेटजींकडे पॉलिसी घेऊन गेले होते, आणि मीही एका पोराच्या फीच्या कामानं तिथंच होतो. आवारात कापसाचे ढीग लागलेले. आत रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, बाया काम करत होत्या, रुई आणि सरकी वेगळी होत होती, आवाजानं कान किटून गेले होते. बायांची तान्ही लेकरं तिथंच कापसावर निजवलेली. दुसरीकडे निजवणार कुठं? तेवढ्यात एका हमालानं डोक्यावरचं भलंमोठं गाठोडं ढिगावर रिकामं केलं आणि तो निघून गेला. तिथं एक पोर झोपलेलं होतं. ते दिसेनासं झालं. आजूबाजूला माणसं होती, मीही होतो, पण कोणाच्याच लक्षात आलं नाही.

समजाभाऊंच्या आलं. पिशवी फेकून ते धावले, दोन्ही हातांनी कापूस उपसला आणि पोर बाहेर काढलं. ते अजून झोपेतच होतं. त्यांनी त्याच्या नाकाला चिकटलेला कापूस बोटानं अलगद काढला. तेव्हा कुठं ते रडलं.

त्या दिवशी 'समजा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. समजायचं काही उरलंच नव्हतं.

"शेटजी, या लेकरायले एक खोली पायजे," ते म्हणाले. "पाळणे टांगाचे, एक बाई ठेवाची सांभाळाले."

शेटजी म्हणाले, "जागा देतो मी कोपऱ्यातली. खोली तुमी बांधा."

समजाभाऊ वर्गणी मागायला निघाले. आता गंमत अशी, की हा माणूस पुण्यकर्माला निघाला आहे हे कोणाला खरंच वाटेना. "समजाभाऊ, ही नवीन पालिशी दिसते!" म्हणून लोक हसत. कोणी पाणी विचारी, कोणी तेही नाही. पावतीपुस्तक कोरं ते कोरंच राहिलं.

मग एक दिवस भजी बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर त्यांनी वाचलं, की परदेशात कोणी एक गृहस्थ छोट्या होडीतून एकटाच नदी उतरून गेला आणि लोकांनी त्याच्या धाडसावर खूश होऊन दवाखान्याला पैसे दिले. तो तेलकट तुकडा घेऊन ते माझ्याकडे आले.

"मास्तर, ही आयडिया कशी हाय?"

"चांगली आहे. पण होडीत बसणार कोण?"

"मी," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

नागपूरच्या एका बोट क्लबानं मोडीत काढलेली एक कयाक त्यांनी मिळवली. लाकडाचा सांगाडा, त्यावर कॅनव्हास, एका माणसापुरतं मधे भोक. कापसाच्या गठाणी पोचवून परत येणाऱ्या ट्रकवर ती बांधून आणली. चौकात ट्रक थांबला तसे लोक गोळा झाले. तिचं नाव समजाभाऊ 'कायाक' असं उच्चारत, तिथंच घोटाळा झाला.

"काय हाय हे, भाऊ?"

"कायाक."

"तेच त इचारून राह्यलो, काय हाय?"

"अन् मी तेच सांगून राह्यलो ना! कायाक!"

प्रकरण हातघाईवर यायच्या आत मी मधे पडलो.

वल्हं मारायला शिकवलं सोमाजी भोयानं. तो वणेत मासे धरायचा. शिकवणी पाहायला रोज घाटावर गर्दी. समजाभाऊंच्या कमरेला ट्रकची ट्यूब, गळ्यात शिट्टी, आणि कयाकला दोर बांधून त्याचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला. दोर संपला की नाव थांबे आणि ते मागे फिरत. कित्येक दिवस त्यांचा जलप्रवास त्या बाभळीभोवतीच चालला होता. शेवटी सोमाजी वैतागला. एका सकाळी त्यानं गुपचूप दोर सोडला. समजाभाऊ आपल्या तंद्रीत वल्हवत वळणापलीकडे दिसेनासे झाले. बऱ्याच वेळानं परत आले ते लालबुंद होऊन.

"अबे सोमाजी, दोर काऊन सोडला बे? समजा मी बुडलो असतो तं?"

"पन बुडले का?"

समजाभाऊंनी विचार केला. "नाई," ते म्हणाले, आणि नाव वळवून पुन्हा त्या वळणाकडे गेले.

बेत असा ठरला. पुढची दिवाळी झाल्यावर, पुराचं पाणी ओसरून नदी निवळली की निघायचं. वणेतून वर्धा नदीत, आणि तिथून खाली बल्लारपूरपर्यंत. मुक्काम काठावरच्या गावांत. खुशाली एसटीच्या कंडक्टरबरोबर कळवायची, आणि ठरल्या दिवशी मी काकूंना घेऊन बल्लारपूरला हजर राहायचं. वर्गणीचे आकडे मात्र आता भराभर पडू लागले. गिरणीतल्या बाबूंपासून कापड दुकानदारांपर्यंत सगळे उदार झाले, कारण अट एकच होती: भाऊ बल्लारपूरला पोचले तरच पैसे द्यायचे. हा माणूस पुलाच्या पुढे जात नाही याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती.

निघायच्या दिवशी ते पुलाखालून गेले, तेव्हा वर कठड्याला टेकून सारं गाव उभं होतं. त्यांनी वर पाहून ओरडून सांगितलं, "कठड्याले टेकू नोका रे!" आणि गेले.

पहिले काही दिवस निरोप बरोबर येत गेले. "भाऊ मजेत हाये. ज्वारीची भाकर खाल्ली." "भाऊच्या हाताले फोड आले, पन चालले पुढं." मग निरोप यायचे थांबले. एक दिवस गेला, दुसरा गेला. आणि मग एका ट्रक ड्रायव्हरनं चौकात सांगितलं, की संगमाच्या खाली एक लांबुळकी होडी पाण्यावर रिकामीच वाहत चाललेली लोकांनी पाहिली.

त्या संध्याकाळी विमलकाकूंच्या अंगणात माणसं जमली. त्यांच्या घराकडे इतकी माणसं आलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. अट घालून वर्गणीचे आकडे टाकणारे खाली माना घालून बसले होते. कोणीतरी दबक्या आवाजात विचारलंच, "काकू, भाऊंचा सोताचा विमा त मोठा असन ना?"

"त्यायचा विमा नाई," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, बल्लारपूरले जाचं ठरलं होतं ना आपलं? सकायच्या पॅसेंजरनं जाऊ."

"पण काकू…"

"ते तिथं येतो म्हनले हाये."

वरोरा गेलं, भांदक गेलं, चांदा गेलं. काकू गाडीच्या खिडकीशी बसून होत्या. बल्लारपूरला किल्ल्याच्या खाली नदीकाठी एका दगडावर आम्ही बसलो. समोर वर्धेचं रुंद पात्र. धोबी कपडे आपटत होते, म्हशी पाण्यात बसल्या होत्या. होडी म्हणून दिसत नव्हती. दुपार कलायला लागली. मी विचारलं, "काकांनी स्वतःचा विमा का नाही उतरवला?"

"उतरवाले गेलते ना. लग्नाच्या आंधीच. कंपनीच्या डाक्टरनं छातीले नळी लावली अन् नाई म्हनलं. लहानपनच्या तापात काळीज नासलं म्हने. चाळिशी पाह्यली तरी नशीब."

मी दगडावर त्यांच्याकडे वळून बसलो.

"मले पाह्याले आले तवा त्यायनं हे सारं माह्या बापाले सांगतलं. लपोलं नाई. बाप म्हने, मंग पोरगी कशी देऊ? तवा हे म्हनले, मी सोताले जपीन. तुमच्या पोरीसाठी लय जपीन." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तवापासून जपूनच राह्यले. लोक हासते. मी कोनाले काय सांगू? पुलावर सायकल हातात धरते ते माह्यासाठी धरते."

"आणि मग तुम्ही त्यांना नदीत जाऊ दिलंत?"

"मीच म्हनलं जा. त्या लेकराले कापसातून काढून आले त्या दिवशी जेवले नाई. मी म्हनलं, मलेबी तुमी असंच कापसात ठेवलं अन् सोताबी त्यातच राह्यले. पन्नाशी झाली आता. डाक्टरचं खोटं झालं ना? मंग जा."

एवढं बोलून त्या पुन्हा नदीकडे पाहायला लागल्या. आणि थोड्या वेळानं, आवाज जराही न चढवता, म्हणाल्या, "ते पाहा."

मला आधी काहीच दिसेना. मग म्हशींच्या पलीकडे एक ठिपका दिसला. त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी आळीपाळीनं चमकत होतं. वल्हं! मी मास्तर माणूस, पण चपला काठावर टाकून गुडघाभर पाण्यात धावलो आणि वेड्यासारखा ओरडलो. धोबीही धावले. समजाभाऊंनी शिट्टी वाजवली.

चेहरा उन्हानं करपलेला, दाढी वाढलेली, कयाकच्या पोटाला डांबराचं मोठं ठिगळ. संगमाखाली खडकावर कॅनव्हास फाटला म्हणून ते काठावर उतरले होते, आणि नाव नीट बांधायची राहून गेली. आयुष्यात एक गाठ सैल राहिली ती नेमकी तिथं. नाव निघाली रिकामी आणि हे काठानं ओल्या धोतरात तिच्या मागे. तिसऱ्या गावाजवळ एका गुराख्यानं ती धरून ठेवली. तिथं रस्ता नव्हता, एसटी नव्हती, मग निरोप कुठून येणार? गुराख्याच्या घरी दोन दिवस राहून त्यांनी ठिगळ मारलं.

"त्याच्या मायनं माह्या हाताले एरंडीचं तेल लावलं, मास्तर," ते पाण्यातूनच सांगायला लागले. "मी कोन, काय, काही इचारलं नाई. घरात ये म्हने, आंधी जेव."

काकू पाण्याच्या कडेला आल्या. त्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दाढी कराची," एवढंच म्हणाल्या, आणि मग मात्र मटकन वाळूत बसल्या. समजाभाऊ घाईघाईनं नावेतून उतरले, उतरताना सपशेल पाण्यात पडले, आणि ते पाहून काकू रडता रडता इतक्या हसल्या, की धोबीसुद्धा हसायला लागले.

पैसे लोकांनी दिले. काहींनी तोंड वाकडं करून दिले, पण दिले. जिनिंगच्या कोपऱ्यात खोली उभी राहिली, पाळणे आले, एक म्हातारी बाई लेकरं सांभाळू लागली. शेटजींनी उद्घाटनाला मोठं भाषण केलं. पण ते सगळं नंतरचं.

रात्र धर्मशाळेत काढून आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. गाडीचा डबा जवळजवळ रिकामा होता. काकूंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्यांच्या दोन्ही तळव्यांना बांधली होती. भांदक यायच्या आधीच समजाभाऊ बाकावर आडवे झाले आणि तोंड उघडं टाकून गाढ झोपले. बाहेर शेतांत वेचणी चालली होती, बाया ओटीत कापूस भरत होत्या. मी उगाच बाहेर पाहत होतो.

मधेच माझी नजर आत वळली. काकूंनी हात लांब करून त्यांच्या छातीवर तळवा ठेवला होता. मान किंचित वाकडी करून त्या कसलातरी अंदाज घेत होत्या. इतकी वर्षं झोपलेल्या माणसाच्या छातीवर असाच हात ठेवून त्या बसत आल्या असतील, हे त्या सरावलेल्या हाताकडे पाहूनच कळत होतं. मी पाहतो आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या थोड्या लाजल्या.

"चालू हाय," म्हणाल्या, आणि डब्यातली भाकर माझ्यापुढे केली.